ताईची कॉफी, भावोजींची दुरुस्ती

माझी ताई सदतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होती. कानाला हेडफोन, समोर दिव्यांची पाटी आणि दिवसाला चार-पाचशे फोन. समोरच्यानं नुसतं "हॅलो" म्हटलं की तिला कळायचं, हा औषधं खपवायला फोन करतोय की याच्या घरचं कुणी आत आहे. ज्याच्या घरचं कुणी आत आहे, त्याला तिनं कधी ताटकळत ठेवलं नाही. डॉक्टरांना ती खोकल्यावरून ओळखायची. एकदा एका सर्जननं आजारी असल्याचं कळवायला फोन केला, तर ही म्हणाली, "डॉक्टर, मागे लाटा ऐकू येताहेत. आधी खिडकी लावून घ्या, मग साहेबांना जोडून देते."

हे मी मुद्दाम आधी सांगतेय. हल्ली लोक ताईची ओळख "डोळ्यांचं झालंय ना, त्या" अशी करून देतात आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

डोळ्यांचं झालंय, हे खरंच आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या नजरेत मधोमध डाग धरला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दाराची चौकट दिसते, चौकटीत उभी असलेली मी दिसत नाही. मला बघायचं असेल तर ती माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघते. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. ताईनं ऐकून घेतलं, घरी आली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी उठली आणि हातानं घर पाठ करायला लागली. शेगडीची बटणं, कपाटाचे कप्पे, जिन्याच्या बेचाळीस पायऱ्या. चार महिन्यांत ती एकटी खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायला लागली. दिवसभराची सोबतीण ठेवायचा विषय आम्ही काढला, तेव्हा तिनं आम्हाला असं काही झापलं, की पुन्हा कुणाची हिंमत झाली नाही.

अडलं ते एका मशीनपाशी.

हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये एस्प्रेसोचं मोठं मशीन होतं आणि अकराच्या सुट्टीत ताई तिथली घोटभर कॉफी प्यायची. निवृत्त झाल्यावर तिनं तसलं छोटं मशीन आणि बिया दळायचा ग्राइंडर घरी आणला. मी पातेल्यात कॉफी उकळणारी बाई. दोन घोटांसाठी एवढा खटाटोप मला कधी पटला नाही. बिया अठरा ग्रॅम मोजायच्या, दळायच्या, दांड्याच्या गाळणीत भरून दट्ट्यानं एकसारख्या दाबायच्या, गाळणी मशीनला अडकवायची आणि मग कपात छत्तीस ग्रॅम पडेपर्यंत थांबायचं. ते अठ्ठावीस-तीस सेकंदांत पडलं तर कॉफी चांगली. भसाभसा पडली तर आंबट. रडत रडत थेंब थेंब आली तर कडू. सगळी गोम दळण्यात. जाड दळलं तर भसाभसा, फार बारीक दळलं तर थेंब थेंब. ग्राइंडरला एक चकती असते, ती फिरवली की 'टक्' वाजतं. इकडे एक टक् म्हणजे थोडं बारीक, तिकडे एक टक् म्हणजे थोडं जाड. डोळे होते तेव्हा ताई धार बघून चकती फिरवायची आणि तिची कॉफी फक्कड व्हायची, हे मलाही कबूल करावं लागायचं.

डोळे गेल्यावर तिनं हे सगळं कानावर घ्यायचं ठरवलं. बोलणारा वजनकाटा मीच आणून दिला. त्यातली बाई जरा नाकात बोलते. "माझ्या हाताखाली असती तर आठवड्यात सुधारली असती," असं ताईचं तिच्याबद्दलचं मत आहे. मशीनचा पंप आधी खडखडतो, दाब धरला की त्याचा आवाज जाडसर होतो, मग कपात पहिला थेंब वाजतो. ताई मनातल्या मनात सेकंद मोजते. चकतीवरचे आकडे मलाही चष्म्याशिवाय दिसत नाहीत, तेव्हा ती फक्त टक् मोजायची. आज कॉफी आंबट झाली, तर उद्या सकाळी एक टक् बारीक. कडू झाली, तर एक टक् जाड. यात न जमण्यासारखं काही नव्हतं.

आता भावोजींविषयी, म्हणजे ताईच्या नवऱ्याविषयी. भावोजी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. लोकांनी लिहिलेल्या पुस्तकांतल्या चुका छापण्याआधी काढायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्यासारखा अबोल माणूस मी पाहिला नाही. त्यांचा एकच नियम होता: चूक काढायची, पण लिहिणाऱ्याला ओशाळवाणं होऊ द्यायचं नाही. कितीतरी लेखकांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की आपलं लिखाण मुळातच निर्दोष असतं. घरीही तेच. मी भाजीत मीठ विसरले, तर भावोजी बोलायचे नाहीत. माझी पाठ वळली की सगळ्यांच्या ताटात चिमूटचिमूट मीठ टाकून मोकळे. बावीस वर्षांनी मला ते कळलं आणि मी आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

गेल्या महिन्यात माझ्या घरच्या फरशा उखडून ठेवल्या होत्या, म्हणून मी दहा दिवस ताईकडे राहायला गेले.

पहिल्याच सकाळी ताईनं कॉफी केली. पंप कण्हला, कपात थेंब पडायला लागले ते संपेचनात. भिंतीवरच्या घड्याळात मी बघितलं, चाळीस सेकंद. ताईनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"कडूजहर," ती म्हणाली.

"छान झालीय की," भावोजी म्हणाले. त्यांनी आपला कप रिकामा करून दाखवला.

"काल आंबट होती म्हणून आज मी एकच टक् बारीक केली. एका टक्नं एवढा फरक पडतो कुठे?" ताई म्हणाली. तिनं आपला कप बेसिनमध्ये ओतला.

दुसऱ्या दिवशी तिनं एक टक् जाड केली. कॉफी वीस सेकंदांत भसाभसा पडली. आंबट. भावोजी म्हणाले, "छान." तीन आठवडे असंच चाललं होतं म्हणे. मी आपली शहाणपणा करायला गेले, "अगं, नुसतं बटण दाबलं की कॉफी पडते, असली मशिनं मिळतात. एक घेऊन टाक." ताईनं माझ्या कानाच्या पलीकडे बघितलं आणि काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं असावं. तीस वर्षं पोरांना शिकवूनही मला गप्प बसलेला माणूस वाचता येत नाही.

बुधवारी दुपारी आम्ही दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. ताईनं एका टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

"आईचं आठवतं तुला?" ती म्हणाली. "एकच कुलूप दोनदा लावायची आणि एकदाही लावलं नाही म्हणायची."

"आईचं काय मध्येच?"

"मी एक टक् फिरवते आणि दोन फिरलेले असतात. रोज. पूर्वी बियांचा पुडा पंधरा दिवस पुरायचा, आता आठ दिवसांत संपतो. म्हणजे मी दिवसभरात कप करत असणार आणि विसरत असणार." तिचा आवाज अगदी बोर्डावरचा होता, सपाट आणि नीट. "डोळे गेले ते मी पचवलं गं. पण डोकंही चाललं असेल, तर मग एकटीनं जिने उतरण्यात काही अर्थ नाही. रविवारपर्यंत बघते. नाही जमलं तर मशीन कुणाला तरी देऊन टाका. आणि ती दिवसभराची बाई ठेवा. मी नाही म्हणणार नाही."

आमच्या आईनं शेवटी आम्हा दोघींना ओळखलं नव्हतं. मी ताईला "काहीतरीच तुझं" म्हणाले, पण ते माझं मलाच खरं वाटलं नाही. त्या दिवसापासून मी तिच्यावर डोळा ठेवायला लागले. चावी कुठे ठेवली, औषध घेतलं का, सगळं गुपचूप तपासत बसले. काही म्हणता काही चुकत नव्हतं. फक्त कॉफी चुकत होती.

गुरुवारी चारच्या सुमाराला ताई खाली दुकानात गेली. मी आतल्या खोलीत पडले होते. स्वयंपाकघरातून ग्राइंडरचा आवाज आला. मी उठून दारात गेले, तर भावोजी स्टुलावर बसलेले, डोळ्याला छापखान्यातलं भिंग लावून चकतीवरचे आकडे वाचताहेत. शेजारी दोन उष्टे कप.

"भावोजी, काय चाललंय?"

चोरी पकडली गेल्यासारखे ते उभे राहिले. "काही नाही. जरा दुरुस्ती."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी ताईची कॉफी बिघडली, की दुपारी ती खाली गेल्यावर भावोजी दोन-तीन कप करून बघायचे, चकती बरोबर जागेवर आणून ठेवायचे आणि कप विसळून ठेवायचे. म्हणजे उद्या तिला सगळं नीट मिळेल. चोवीस दिवस हा उद्योग चालू होता. रात्री झोप येत नाही अशी त्यांची तक्रार होती, तिचंही कारण मला तेव्हाच समजलं.

मी सातवीला गणित शिकवलेली बाई. मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं मांडून दाखवलं. "हे बघा. सकाळी आंबट झाली. दुपारी तुम्ही एक टक् बारीक केलं, बरोबर जागेवर आलं. दुसऱ्या सकाळी ती येते. तिला कालची आंबट आठवते, म्हणून तीही एक टक् बारीक करते. झाले दोन. झाली कडू. दुपारी तुम्ही एक टक् जाड करता. सकाळी तीही करते. झाली आंबट. तुम्ही दोघंही बरोबर आणि कॉफी रोज चूक."

भावोजी त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला स्वतःची चूक दिसायला तेवढा वेळ लागणारच. मग ते म्हणाले, "मग असं करू. सकाळी होती तिथेच मी हळूच फिरवून ठेवतो. तिला कळणारही नाही."

"भावोजी!" मी अशी ओरडले, की शेजारच्यांनी खिडकीतून डोकावलं. "हीच ती खोड! अहो, तिला वाटतंय की आपलं आईसारखं होतंय!"

हे त्यांना माहीत नव्हतं. ताईनं ते मला सांगितलं होतं, त्यांना नाही. ते स्टुलावर बसले आणि भिंग रुमालात गुंडाळायला लागले. गुंडाळून झालं, तरी गुंडाळतच राहिले. त्यांच्यावर चिडायचं मी ठरवलं होतं, पण ते काही जमेना.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले. मी शाळेत लागल्यापासून ते मला तसंच म्हणतात. "ती मला माफ करणार नाही."

"तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते. आणि आता त्या चकतीला हात लावाल तर याद राखा."

शुक्रवारी सकाळी कॉफी अपेक्षेप्रमाणे कडू झाली. भावोजींनी दोनदा तोंड उघडलं. एकदा बाहेर ऊन आहे म्हणाले आणि एकदा नाही म्हणाले. मी टेबलाखालून त्यांना पाय मारला, तर तो ताईला लागला.

शनिवारी ताईनं नवा पुडा फोडला. जुना अर्थातच संपला होता, आणि दुकानात नेहमीच्या बिया नसल्यानं या दुसऱ्याच होत्या. बिया काट्यावर ओतल्या, काट्यातली बाई "अठरा" म्हणाली आणि ताईनं चकतीवर हात ठेवला. तिचा हात तिथेच थांबला. फिरवावं की न फिरवावं, हेच तिला ठरवता येत नव्हतं. तो थांबलेला हात भावोजींना बघवला नसणार.

"अगं, मी फिरवतो ती," ते म्हणाले.

"थांबा, मी करते."

"तसं नाही. रोज दुपारी. तू खाली गेलीस की मी फिरवतो. बिया मीच संपवल्या. चोवीस दिवस. तुला नीट मिळावी म्हणून."

ताई वळली नाही. तिनं चकतीवरचा हातही काढला नाही.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी एकच टक् फिरवत होते?"

"एकच."

"आणि कप? दुपारचे कप मी केले नव्हते?"

"तू कधीच नाही केलेस."

ताईनं ओट्याची कड धरली आणि ती रडायला लागली. डॉक्टरांनी डोळ्यांचं सांगितलं तेव्हाही मी तिला अशी रडताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. भावोजी अर्धे उठले, मग पुन्हा बसले. जवळ जायचा हक्क आपल्याला आज आहे की नाही, हे त्यांना समजत नव्हतं.

मग ती वळली आणि जे काही बोलली, ते इथे सगळं लिहिण्यासारखं नाही. छापखान्याचाही उद्धार झाला. "अहो, मी लिहिलेलं पुस्तक आहे का हे, मला न विचारता सुधारायला? चुकू दे ना माझी कॉफी! चुकली तरच कळेल ना मला, कुठे चुकली ते! आणि वर छान, छान! मला वाटलं, आता जीभही गेली!"

"चुकलं माझं," भावोजी म्हणाले.

"बसा तिथे. टेबलाशी. दोन्ही हात टेबलावर."

"ठेवले."

"मला दिसतात थोडेच! बोटं वाजवा. हात कुठे आहेत ते मला ऐकू येऊ दे. थांबलात तर मी समजेन, तुम्ही ग्राइंडरपाशी आलात."

भावोजी दहा बोटांनी टेबल वाजवायला लागले. अडुसष्ट वर्षांचा गृहस्थ, नाकावर घसरलेला चष्मा आणि शिक्षा झालेल्या मुलासारखा चेहरा. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

बिया नव्या, तेव्हा पहिला कप तिनं चकती न हलवता केला आणि तो सतरा सेकंदांत पडला. ताईनं एक घोट घेतला आणि कप टेबलाच्या दिशेनं सरकवला. भावोजींनी एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं तो उचलला.

"छ—" त्यांनी सुरुवात केली.

"खरं सांगा."

चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला तोंडावर चूक सांगितली नसेल. "आंबट आहे," ते म्हणाले. मग बांध फुटल्यासारखे म्हणाले, "फारच आंबट आहे. दात आंबले."

"मलाही तसंच लागलं," ताई म्हणाली. तिचा चेहरा उजळला. वाईट कॉफीनं इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

टक्. दुसरा कप बावीस सेकंद. "अजून आंबट, पण पिण्यासारखी," भावोजी म्हणाले. ताईनं मान डोलावली. तिनं एक टक् फिरवला होता आणि एकच फिरला होता.

टक्. तिसरा कप. बिया दळल्या, दट्ट्या दाबला, गाळणी अडकवली. पंप खडखडला, मग त्याचा आवाज जाडसर झाला. ताई मान किंचित कलती करून ऐकत होती, अगदी बोर्डावर बसायची तशी. तिचे ओठ सेकंद मोजत होते. टेबलावर बोटं वाजत होती. काट्यातली बाई "छत्तीस" म्हणाली आणि ताईनं बटण बंद केलं. मी घड्याळाकडे बघितलं. अठ्ठावीस.

"कुणी काही बोलू नका," ताई म्हणाली. "झालीय. मला कळलं."

तिनं मग घोट घेतला, पण तो नंतर. आधी ती तिथेच उभी राहिली, दोन्ही हात कपाभोवती धरून. मशीन कुणाला द्यायचं आणि बाई कधीपासून ठेवायची, हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. कप तिनं भावोजींसमोर नेऊन ठेवला, न चाचपडता, त्या बोटांच्या आवाजावर.

"अहो, थांबवा आता. प्या. गार होईल."

भावोजींनी कप उचलला. एक घोट घेतला.

"उद्यापण वाजवायची का बोटं?" त्यांनी विचारलं.

"महिनाभर."

भावोजींनी मान हलवली. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते मोठ्यानं म्हणाले, "हो."